सगळ्यांना पाठ असलेला कागद

पोलिसात नोकरी केली म्हटलं की लोक खुर्ची पुढं ओढून बसतात. पुढचं वाक्य ऐकलं की पुन्हा मागं रेलतात, कारण माझी शेवटची अकरा वर्षं गेली मुद्देमाल कारकून म्हणून. बंदूक चालवली का? नाय. दरोडेखोर पकडला का? नाय हो. मी एक खोली सांभाळली. या अंकाच्या संपादकांनी बंदोबस्तातले थरारक प्रसंग लिहा म्हणून निरोप धाडला होता. त्यांना कळवलं, बंदोबस्तात माझा गुडघा गेला एवढाच थरार. अंगावर काटा आणणारं जे बघितलं, ते सगळं त्या खोलीत बसल्या जागी बघितलं.

मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात जप्त झालेली वस्तू. चोरीची सायकल, रक्ताचा शर्ट, विळा, गांजाचं पोतं, काय वाट्टेल ते. वस्तू ठाण्यात आली की ती कागदात नाहीतर कापडात बांधायची, लेबल लावायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, गाठीवर लाख वितळवून ठाण्याचा शिक्का उमटवायचा आणि रजिस्टरला नंबर टाकायचा. पंच म्हणजे बाजारातून बोलावून आणलेली दोन शहाणी माणसं. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत झालं, असं ती सही करून सांगतात. मग कोर्टाची तारीख पडली की वस्तू घेऊन जायची, मागितली तर दाखवायची, परत आणायची. शिक्का मात्र कोर्टाच्या हुकमाशिवाय फोडायचा नाही. फोडलात तर नोकरी गेली आणि वर तुमच्यावरच गुन्हा.

आमचं ठाणं संभाजीनगरच्या जुन्या भागातलं. मागच्या अंगाला बारा बाय दहाची खोली, एकच खिडकी, तिच्या गजांना जाळी मारलेली. आत गेलं की बाहेरचा आवाज एकदम बंद व्हायचा. नवीन शिपाई आत यायला घाबरायचे. मी म्हणायचे, अरे, वस्तू आहेत त्या, चावत नाहीत. पण दुपारी एकटी नोंदी करत बसले की माझीसुद्धा पाठ भिंतीला टेकलेलीच असायची. वस्तूंकडं पाठ करून मी त्या खोलीत कधी बसले नाही, हे आज कबूल करते.

भिंतीकडच्या एका मांडणीला मी नाव दिलं होतं, भावनांचा कप्पा. धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारींतला माल तिथं. आधी पत्रकं आणि कॅसेटी असायच्या, मग फ्लेक्स आले, शेवटी शेवटी नुसते मोबाइलच मोबाइल. कुणाच्या भावना दुखावल्या असं मी विचारायचं नसतं, ते माझं काम नव्हे. सगळ्यांच्याच दुखावायच्या, आळीपाळीनं.

एकदा त्या कप्प्यात एका परदेशी बाईंच्या चपला आल्या. सत्तरीच्या बाई, लेणी बघायला आलेल्या. पायात रबरी चपला आणि दोन्हींवर गणपती छापलेला. त्यांच्या गावच्या बाजारात घेतल्या म्हणे, छान हत्ती दिसला म्हणून. हॉटेलच्या दारात कुणीतरी बघितलं, आरडाओरडा झाला, तक्रार आली, चपला जप्त. बाई अनवाणी बाकावर बसल्या, तर माझ्या जुन्या सपाता मी त्यांना दिल्या. आता प्रश्न असा की या चपला ठेवायच्या कुठं? खाली ठेवाव्यात तर देव जमिनीवर. वर ठेवाव्यात तर चप्पल देवाच्या डोक्यावर, कारण वरच्या फळीवर चोरीच्या गुन्ह्यातली पितळी अन्नपूर्णा बसलेली. अख्खं ठाणं अर्धा दिवस त्यावर बोलत होतं. शेवटी धुतलेल्या फडक्यात बांधून मधल्या उंचीवर खिळ्याला टांगल्या.

बाईंनी गाइडला मधे घालून मला विचारलं, तुमचा देव रागावला आहे का? मी म्हटलं, देवाचं ठाऊक नाही, तक्रारदार रागावलाय. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्या गावात माझ्या आजोबांच्या लहानपणी चर्चची टिंगल केली म्हणून एकाला कैदेत टाकलं होतं. आता ते चर्चच विकून टाकलंय, तिथं गालिच्यांचं दुकान आहे आणि कुणाला कशाचा राग येत नाही. हे त्या आनंदानं सांगत होत्या की वाईट वाटून, ते गाइडला काही धड सांगता आलं नाही. बाईंनी माफी लिहून दिली आणि गेल्या. चपला राहिल्या. पुढं त्यांचा नाश करायचा हुकूम आला, तर जाळायला कुणी तयार होईना आणि कापायला कोण धजणार? शेवटी कायगावला गोदावरीत सोडल्या. सोडताना आमच्या एका शिपायानं सवयीनं ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हटलं आणि जीभ चावली.

असे किस्से सांगायला मला आवडतं, लोक हसतात. पण लिहायला बसले ती दुसऱ्याच वस्तूसाठी. ती होती एक घडी घातलेला कागद.

आमच्या हद्दीत एका गल्लीच्या तोंडाला देऊळ आहे आणि दुसऱ्या टोकाला मशीद. मधोमध एक छोटं वाचनालय, त्याच्या दाराशी लाकडी फळा. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे पाठक सर त्याच गल्लीत राहायचे. दर सोमवारी सर स्वतःच्या हातानं एक कागद लिहून त्या फळ्यावर डकवायचे. एखादा सुविचार, एखादी माहिती, कोपऱ्यात चित्र. अक्षर असं की छापल्यासारखं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. कुणी वाचायचं, कुणी नाही.

एका मंगळवारी, मार्चच्या उन्हात, चाळीसपन्नास माणसं ठाण्यात आली. बंदोबस्तात असताना मी दोन्ही बाजूंना समोरासमोर उभं राहिलेलं पुष्कळदा पाहिलं होतं. दोघंही एकाच बाजूला उभे असलेले पहिल्यांदाच बघत होते. पाठकानं देवाबद्दल अन् पैगंबरांबद्दल भयंकर लिहिलंय, असं सगळे म्हणत होते. कागद फळ्यावरून फाडून आणला होता, एकाच्या मुठीत चार घड्या घातलेला. नेमकं काय लिहिलंय असं आमच्या फौजदार साहेबांनी विचारलं, तर जो तो म्हणाला, ते तोंडानं उच्चारण्यासारखं नाही. तुम्ही वाचलंत का? याला विचारा. याला विचारलं तर त्यानं मागच्याकडं बोट केलं. पहिल्यांदा कोण बोललं होतं, ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

साहेब तरुण होते, भले होते, आणि घाबरलेले होते. त्यांनी मला आत बोलावून सांगितलं, घडी मोडायची नाही. ठाण्यात एकानं वाचला की संध्याकाळपर्यंत गावभर होतो आणि मग आपल्याला आवरायचं नाही. तसाच पाकिटात घाला आणि लाख मारा.

पंच म्हणून समोरचे बांगडीवाले हनीफभाई आणि चहाच्या हॉटेलाचे भगवानराव आले. नियमानं कागद पंचांना दाखवायचा, वाचून घ्यायचा, मजकूर पंचनाम्यात शब्दशः उतरवायचा. मी पाकीट पुढं केलं, तसे हनीफभाई दोन पावलं मागं सरले.

“बाजी, अल्ला के वास्ते वो मेरे सामने नक्को खोलो. आँखाँ से पढ्या तो गुनाह मेरे कू भी लगता.”

भगवानरावांनी आधीच मान फिरवली होती. म्हणाले, “ताई, मंगळवारचा उपास हाय माझा. आज त्ये वाचाया नगा लावू. सही कुठं करू तेवढं सांगा.”

आणि मी? मीसुद्धा उघडला नाही. माझ्या घरी देव्हारा आहे, रोज सकाळी मी दिवा लावते. ते असलं काही डोळ्यांत शिरलं तर उद्या दिव्यापुढं उभं कसं राहू, असं खरंच मनात आलं. आम्ही कुणी वाईट माणसं नव्हतो. आम्ही सगळे देवाला भिणारे. पंचनाम्यात मी लिहिलं, ‘सदर कागदावर दोन्ही धर्मांच्या भावना दुखावतील असा मजकूर असून शांततेच्या दृष्टीने तो येथे नमूद केलेला नाही.’ खाली साहेबांची, दोन पंचांची आणि माझी सही. लाखेचा वास त्या दिवशी खोलीत लई वेळ राहिला.

सरांना घरून आणलं. ते बिचारे गोंधळून गेले होते. म्हणाले, मी तर परीक्षेचं लिहिलं होतं, मुलं अभ्यास करताहेत, आवाज कमी ठेवा म्हणून. यात काय चुकलं ते दाखवा तरी. लोक म्हणाले, तो आधीच्या आठवड्याचा, हा निराळा. सर म्हणाले, मग उघडा की, आत्ता उघडा. पण शिक्का बसला होता. बावीस दिवसांनी त्यांना जामीन मिळाला.

खटला चालवायला वरून मंजुरी लागते. फाइल गेली, शंका घेऊन परत आली, पुन्हा गेली. साहेबांची बदली झाली. सरांच्या वकिलांनी पाकीट उघडा म्हणून अर्ज दिला, तर सरकारी बाजू म्हणाली, भर कोर्टात मजकूर वाचला तर शांतता बिघडेल, आणि त्या अर्जालाही तारीख पडली. अशी नऊ वर्षं. दर तारखेला मी पाकीट पिशवीत घालून कोर्टात न्यायची. सर तिथं आधीच येऊन बसलेले असायचे. बरीच वर्षं थट्टा करायचे. म्हणायचे, बाई, माझा पेपर घेऊन आलात का? तपासून कधी मिळणार?

खोलीत त्या पाकिटाभोवती हळूहळू जागा मोकळी झाली. मी केली नाही ती. आमचे लोक वस्तू ठेवायला यायचे आणि त्याच्यापासून वीतभर लांब ठेवून जायचे. झाडणारी बाई तिथपर्यंत झाडत यायची आणि वळायची. एका सकाळी पाकिटाशेजारी चिमूटभर हळदकुंकू दिसलं. पुढच्या महिन्यात मांडणीच्या खांबाला काळ्या दोऱ्यात तावीज बांधलेला. कुणी केलं विचारलं तर सगळे भिंतीकडं बघायला लागले. आमच्या खोलीत उंदीर उदंड. खळीनं चिकटवलेली पाकिटं ते कुरतडून रांगोळी करायचे. नऊ वर्षांत त्या पाकिटाला एका उंदरानं तोंड लावलं नाही. त्यावर लाख जास्त आणि खळ कमी होती, म्हणून असेल. मी तसंच सगळ्यांना सांगायची. पण दुपारी एकटी असले की त्या फळीकडं बघायचं टाळायची.

आणि मग मजकूर बाहेर पडायला लागला. बंद पाकिटातून! आधी एक शिपाई म्हणाला, दोन ओळी आहेत म्हणे. मग सिल्लोडकडून बदलून आलेल्या एकानं, ज्यानं पाठक सरांना जन्मात पाहिलं नव्हतं, त्यानं पहिली ओळ म्हणून दाखवली. दुसऱ्या वर्षी दुसरी ओळ चहाच्या गाड्यावर ऐकली. पहिल्या ओळीत एकाबद्दल, दुसरीत दुसऱ्याबद्दल. लाल शाईत लिहिलंय, खाली रेघ ओढलीय. गल्लीतली माणसं ते कान धरून, तोबा करून सांगायची, पण सांगायची. सुरुवातीला शब्द इकडंतिकडं व्हायचे. पुढं पुढं सगळे एकसारखंच सांगायला लागले, एक अक्षर हलायचं नाही.

ते काय होतं, ते मी इथं लिहिणार नाही. संपादकांनी फोनवर विचारलं होतं. त्यांनाही सांगितलं नाही.

एका दुपारी मी डबा खात होते आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं, मला तो कागद दिसतोय. चार घड्यांच्या रेघा, लाल शाई, दुसऱ्या ओळीच्या शेवटी थोडं ओघळलेलं अक्षर. मला आठवतंय, मी तो वाचलाय! घास तोंडात तसाच राहिला. मी स्वतःला विचारलं, अगं बाई, तू कधी वाचलास? तू तर घडीही मोडली नव्हतीस. मनाला पटलं, पण डोळ्यांपुढचा कागद काही जाईना. उठून मांडणीजवळ गेले आणि शिक्का बघितला. शिक्का शाबूत होता.

त्याच सुमारास सरांच्या पत्नी, कुमुदकाकू, मला भेटायला ठाण्यात आल्या. ठाण्याची पायरी त्या पहिल्यांदाच चढत होत्या. मी त्यांना खोलीत नेलं नाही, बाहेर कडुनिंबाखाली बाकावर बसलो. गल्लीत आता सणावाराला त्यांच्याकडं कुणी येत नव्हतं, मोदकाचं ताट परत यायचं, ईदेची खीर येणं थांबलं होतं. सरांनी कागद लिहिणं सोडलं होतं. हे सगळं त्यांनी खाली बघून सांगितलं आणि मग माझा हात धरला.

“ताई, तुम्ही त्या दिवशी तिथं होतात. तुम्ही बघितलंय. खरं सांगा, यांनी लिहिलं होतं का तसं?”

मला एवढंच म्हणायचं होतं की काकू, मी वाचलेला नाही, आमच्यापैकी कुणीच वाचलेला नाही. दहा शब्दांचं काम. पण मग प्रश्न आला असता, न वाचता सही कशी केली? खात्याची चौकशी, पंचनामा खोटा, निवृत्तीला चार वर्षं राहिलेली. आणि त्याहून वाईट सांगते. त्या वेळी मला स्वतःलाच खात्री राहिली नव्हती. लाल शाई डोळ्यांपुढं होती. मी गप्प बसले. मान खाली घातली आणि गप्प बसले. पोलिसाच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक एकच घेतात. काकूंनी माझा हात सोडला, पदर सारखा केला आणि सावकाश उठून गेल्या.

पुढच्या तारखेला सरांनी थट्टा केली नाही. त्यानंतरच्या तारखेला ते माझ्याशेजारी येऊन बसले आणि पिशवीकडं बघत बसले. मग हळू आवाजात विचारलं, “बाई, माणूस एखादी गोष्ट लिहून विसरू शकतो का?” मी म्हटलं, सर, असं काय बोलता? तर म्हणाले, कुमुद म्हणते मी लिहिलं असेल. ती खोटं कशाला बोलेल? मला आता आठवायला लागलंय. रविवारी संध्याकाळी बसलो होतो, लाल शाईची दौत होती. आणि त्यांनी दुसऱ्या ओळीच्या शेवटच्या अक्षराबद्दल सांगितलं, ते ओघळलं होतं म्हणून.

ते अक्षर मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता समजूत घालणारे पुढं आले. दोन्हीकडची चार वजनदार माणसं सरांना म्हणाली, गुन्हा कबूल करा, दंड भरा, सगळ्यांपुढं माफी मागा, संपवून टाकू. त्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांनाही कंटाळा आला होता. सर तयार झाले. वकिलांनी डोकं आपटलं, पण ऐकेनात. म्हणाले, मी लिहिलंय तर मी कबूल नको करायला? मास्तर माणूस आहे मी. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. एक माणूस स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल करणार, तो त्यानं केलाय की नाही हे फक्त त्या पाकिटात आहे, आणि त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला. खोलीत जाऊन मी दोनदा पाकीट हातात घेतलं. ब्लेडही घेतलं होतं. शिक्का काही माझ्यानं फोडवला नाही.

तारखेला कोर्ट भरलं होतं. न्यायाधीश नवीन आल्या होत्या, चाळिशीच्या आतल्या. सर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, मला गुन्हा कबूल आहे. मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, काय कबूल आहे? काय लिहिलं होतंत? सर बोलणार तेवढ्यात दोन्ही वकील एकदम उठले, नको, नको. मॅडम म्हणाल्या, नऊ वर्षांच्या कागदपत्रांत मजकूर कुठंच नाही. आरोपी काय कबूल करतोय ते आधी मला बघू द्या. मुद्देमाल कुठंय?

मी पिंजऱ्यात उभी राहिले. सही माझी, शिक्का आमच्या ठाण्याचा, शाबूत आहे, असं सांगितलं. लेबलावर शहराचं जुनं नाव आणि कोर्टाच्या पाटीवर नवं, त्यावरही वकिलांनी पाच मिनिटं घेतली. मग शिरस्तेदारांनी लाख फोडली. तुकडे टेबलावर पडले. कागद पिवळा पडला होता, घड्या उलगडताना चिरला. मॅडमनी वाचला, पुन्हा वाचला, पाठीमागं वळवून बघितला. आणि मोठ्यानं वाचून दाखवला.

‘परीक्षा सुरू आहेत. मुलं अभ्यास करत आहेत. सर्वांनी आवाज थोडा कमी ठेवावा, ही नम्र विनंती.’

काळी शाई. कोपऱ्यात दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसलेली एक मुलगी काढलेली. देवळाचं नाव नाही, मशिदीचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही. मला ओरडून रडावंसं वाटलं. सुटलो, असं वाटलं. सुटले सर, सुटले आपण सगळे!

सर पुढं झाले, कागद जवळून बघितला. म्हणाले, “अक्षर माझंच आहे. पण तो हा नव्हे. हा आधीच्या आठवड्याचा. तो दुसरा होता, बाईसाहेब. तो मला पाठ आहे.”

मॅडमनी त्यांना थांबवलं. मी मागच्या बाकांकडं बघितलं. तक्रारदार बसले होते, त्यांच्याजवळ हनीफभाई आणि भगवानराव शेजारी शेजारी. कुणाच्या तोंडून आवाज नव्हता, पण सगळ्यांचे ओठ हलत होते. सगळ्यांचे एकाच वेळी, एकाच लयीत, दोन ओळींपुरते. मग थांबले. मी तोंडावर पदर धरायला हात उचलला, तर माझेही ओठ हलत होते.

सरांना सोडून दिलं. मॅडमनी आमच्या पंचनाम्यावर जे ताशेरे ओढले, ते माझ्या सेवापुस्तकात आहेत आणि योग्य आहेत. बाहेर व्हरांड्यात लोक आपसात म्हणत होते, पोलिसांनी कागद बदलला, चांगलं केलं, म्हाताऱ्याला वाचवलं. माझ्याकडं बघून दोघांनी मान डोलावली.

सर जिन्याच्या तोंडाशी माझी वाट बघत थांबले होते. मी ठरवलंच होतं, आता लपवायचं नाही, नोकरी गेली तर जाऊ दे. म्हटलं, “सर, मी तो कागद कधीच वाचला नव्हता. पंचांनी नाही, साहेबांनी नाही, कुणीच नाही. आज उघडला तो एकच कागद होता. तुम्ही काही केलेलं नाही. त्या दिवशी काकूंना मी हे सांगायला पाहिजे होतं.”

ते माझ्याकडं बघून हसले. गृहपाठ विसरलेली मुलगी कारण सांगते तेव्हा मास्तर हसतात, तसं. म्हणाले, मला बरं वाटावं म्हणून बोलता आहात तुम्ही, बाई. तुम्ही चांगल्या आहात. मग त्यांनी हात जोडले. नऊ वर्षांत हात वाळून काठ्या झाले होते. म्हणाले, तुम्हीही देवाधर्माच्या, तुम्ही तो वाचला, तुमचं मन दुखावलं असेल. कोर्टानं सोडलं, पण तुम्ही माफ केल्याशिवाय मला घरी जाववणार नाही.

मी पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. ते हात जोडून तसेच उभे. माणसं थांबून बघायला लागली. काकू खालच्या पायरीवरून वर बघत होत्या.

मी म्हटलं, “केलं माफ, सर.”

तेव्हा कुठं त्यांनी हात खाली घेतले. खाली आवारात हनीफभाई स्कूटर काढत होते. सर त्यांच्यासमोरही हात जोडून उभे राहिले. हनीफभाईंनी स्कूटर सोडली, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले, डोळे पुसले आणि त्यांना माफ केलं. ते मात्र अगदी मनापासून करत होते.